नाक थोडे वाकडेच हवे!

'नाकासमोर चालणारा माणूस' ही आपल्या भाषेने सद्गृहस्थाला दिलेली मोठी पदवी आहे. वाकडे पाऊल नाही, आडवळण नाही. ऑफिस ते घर आणि घर ते ऑफिस. गेली अठरा-एकोणीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो आहे. वाक्प्रचारांचा तास आला की हा वाक्प्रचार फळ्यावर पहिला लिहायचा, हा माझा परिपाठ. पण गेल्या हिवाळ्यात, मुठीत मावेल एवढ्या एका इंजिनाने मला या वाक्प्रचाराचा फेरविचार करायला लावला. विमानाने सरळ उडावे असे वाटत असेल, तर त्याचे नाक थोडे वाकडेच बसवावे लागते! ही गोष्ट मला पंचवीस वर्षे उशिरा कळली. या उशिराची किंमत मी एका मित्राच्या रूपाने मोजली होती. तीच हकीकत आज सांगायची आहे.

ट्रंकेतला पाहुणा

आमचे बदनापूर जालना-संभाजीनगर रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. मनमाडहून येणारी आगगाडी इथे थांबते, आणि इथल्या कृषी संशोधन केंद्राने काढलेले तुरीचे वाण मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. एवढ्या दोन गोष्टी सोडल्या तर बाहेरच्या माणसाला गावाची फारशी माहिती असण्याचे कारण नाही. विमानाशी आमचा संबंध म्हणाल तर तो मान वर करून बघण्यापुरता.

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि अंबडहून माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, फोन आला. तिचा मुलगा इंजिनियरिंगची तीन सहामाही परीक्षांची वर्षे ओढून-ताणून काढून, बाडबिस्तरा घेऊन घरी परत आला होता. भाऊजींनी त्याच्याशी बोलणे टाकले होते. फीपायी बैलजोडी गेली होती आणि अक्काच्या हातातल्या पाटल्याही. अक्का म्हणाली, "तुझ्याकडं पाठवते. तू मास्तर आहेस, त्याला जरा सरळ कर."

मुलगा आला. खाली मान घालून जेवायचा, मामीने विचारले तेवढ्यालाच उत्तर द्यायचा आणि दिवसभर माळ्यावरच्या अडगळीत काहीबाही खुडबुडत बसायचा. एके दिवशी माझी कॉलेजातली पत्र्याची ट्रंक त्याने खाली आणली. तिच्यात जुन्या वह्यांच्या खाली, तेलकट फडक्यात गुंडाळलेले ते इंजिन होते.

"मामा, हे तुमचं?"

"नाही," मी म्हणालो. "एका मित्राचं."

यापुढे मी काही बोललो नाही. त्यानेही विचारले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ते इंजिन त्याच्या उशाशी आले.

इंजिन अडीच सी.सी.चे, दोन स्ट्रोकचे. याला स्पार्क प्लग नसतो; त्याच्या जागी प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे असलेला एक प्लग असतो. सुरू करताना दीड व्होल्टच्या सेलने ते वेटोळे लाल करायचे. एकदा इंजिन धडधडू लागले की सेल काढून घ्यायचा. पुढे मेथॅनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांच्या रासायनिक क्रियेने आणि सिलिंडरातल्या उष्णतेने ते वेटोळे आपोआप तापलेले राहते. अमेरिकेतल्या रे आर्डेन यांनी 1947 साली हा प्लग बाजारात आणला, आणि विमानाच्या मॉडेलवरचे बॅटरी-कॉइलचे ओझे उतरले. इंधन म्हणजे ऐंशी भाग मेथॅनॉल आणि वीस भाग एरंडेल. होय, तेच एरंडेल, जे लहानपणी नाक दाबून आपल्याला पाजले जाई! इतक्या उष्णतेत टिकणारे वंगण म्हणून त्याची ख्याती जुन्या काळच्या खऱ्या विमानांपासून चालत आली आहे. खोड एकच: जळके एरंडेल वर्षानुवर्षे पडून राहिले की त्याचा डिंक होतो. आमच्या इंजिनाचा दट्ट्या असाच चिकटून बसला होता. अशा वेळी पकडीने दांडा पिरगळणारा माणूस इंजिनाचा घात करतो. भाच्याने ते डिझेलमध्ये दोन रात्री भिजवले, मामीच्या केस वाळवायच्या यंत्राने तापवले आणि बोटांनी केसभर-केसभर हलवत सोडवले. तिसऱ्या दिवशी दट्ट्या खाली-वर झाला, आणि 'फुस्स' असा दाबाचा आवाज आला. त्या दिवशी जेवताना तो पहिल्यांदा आपण होऊन बोलला.

उभे, उलटे आणि आडवे

इंजिन चालू झाले म्हणजे अर्धे काम झाले. ते विमानात कसे बसवायचे, हे उरलेले अर्धे. आणि खरी परीक्षा तिथेच असते.

या लहान इंजिनांच्या कुशीला दोन्ही बाजूंनी दोन-दोन भोकांचे कान असतात. विमानाच्या नाकात घट्ट लाकडाच्या दोन समांतर पट्ट्या बसवायच्या आणि त्यांच्यावर हे कान चार बोल्टांनी आवळायचे. मॉडेलचे बाकीचे अंग बाल्सासारख्या हलक्या लाकडाचे असले तरी चालते. या पट्ट्या मात्र कठीण लाकडाच्याच हव्यात. कारण हे इंजिन मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेते. पट्टी किंचित ढिली असली तर सारे विमान थरथरते, टाकीतल्या इंधनाला ताकासारखा फेस येतो, फेसाबरोबर हवा आत जाते आणि इंजिन आचके देऊन बंद पडते. तेल मुरले की लाकूड दबते, म्हणून बोल्ट पुन्हापुन्हा आवळून पाहावे लागतात. आमच्या पट्ट्या गावातल्या सुतारदादांनी शिसवीच्या एका मोडक्या पलंगाच्या खुरातून काढून दिल्या. पैसे घेतले नाहीत. "उडलं तर बोलवा," एवढेच म्हणाले.

आता सिलिंडरचे डोके कोणीकडे करायचे? उभे बसवले तर सुरू करायला सोपे. उलटे बसवले तर विमानाचे नाक कसे रेखीव दिसते! पण उलट्या इंजिनात जादा इंधन खाली, म्हणजे डोक्यात उतरते. प्लग भिजतो. इंधन फारच साचले तर दट्ट्याला ते दाबता येत नाही, आणि जोर करणाऱ्याच्या हाती वाकलेला दांडा येतो. म्हणून जाणते लोक अख्खे विमानच पालथे धरून इंजिन सुरू करतात आणि मग सुलटे करतात. तिसरा मार्ग मधला: सिलिंडर आडवा, कुशीवर. फळीच्या सपाट अंगाच्या शिकाऊ विमानांना तोच सोयीचा.

उलटे इंजिन ही काही खेळातलीच चूष नव्हे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी अठ्ठावीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीहून डाक घेऊन, अहमदाबादेस थांबून, मुंबईच्या जुहूच्या मैदानावर उतरले. ते 'पस मॉथ' विमान आपण सर्वांनी चित्रात पाहिले आहे. त्याचे 'गिप्सी' इंजिन उलटे टांगलेले होते. सिलिंडर खाली आणि मुख्य दांडा वर. त्यामुळे वैमानिकाच्या डोळ्यांपुढून सिलिंडरांची भिंत दूर झाली आणि पंखाही जमिनीपासून उंच राहिला. पुढे 1982 साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी टाटांनी तो प्रवास पुन्हा केला, तोही उलट्या इंजिनाच्याच 'लेपर्ड मॉथ'मधून. टाटांची हवाई डाकसेवा अशी उलट्या डोक्याच्या इंजिनाने सुरू झाली, हे सरळमार्गी वाचकांनी ध्यानात घ्यावे!

आणि राइट बंधू? 17 डिसेंबर 1903 रोजी बारा सेकंद उडालेल्या त्यांच्या विमानात इंजिन मधोमध नव्हतेच. ते उजवीकडे, वैमानिक डावीकडे पालथा. इंजिन माणसापेक्षा जड, म्हणून उजवा पंख डाव्यापेक्षा चार इंच लांब. मागचे दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरावेत म्हणून एका बाजूच्या साखळीला तिढा दिलेला. हा सारा खटाटोप कशासाठी? एका हिशेबासाठी. तो हिशेब आता पाहू.

बोअरवेलमधला हिसका

ज्यांनी बोअरमध्ये पाणबुडी मोटार सोडलेली पाहिली आहे त्यांना तो लवकर कळेल. मोटार सुरू होताच आतले चक्र एका दिशेने फिरते आणि मोटारीचे अंग उलट दिशेने हिसका देते. विमानातही तेच. समोर उभे राहून पाहिले तर या इंजिनांचा पंखा घड्याळाच्या उलट फिरतो. वैमानिकाच्या बाजूने पाहिले तर घड्याळासारखा. म्हणून विमानाचे अंग डावीकडे कलू पाहते. शिवाय पंख्याने मागे लोटलेली हवा सरळ जात नाही, पिळा घालत जाते आणि शेपटीच्या उभ्या पात्यावर डावीकडून आपटते. शेपटी उजवीकडे ढकलली जाते, नाक डावीकडे. म्हणजे ज्या इंजिनाचे नाक तुम्ही ओळंबा लावून सरळ बसवले, ते विमान डावीकडे जाणार! उपाय एकच: इंजिनाचे नाक दोन-तीन अंश उजवीकडे वळवायचे. तसेच जोर लागताच आकाशात चढू पाहणाऱ्या विमानाचे नाक थोडे खाली झुकवायचे.

हे अंश मोजायला कोनमापक लागत नाही. पुढच्या आणि मागच्या बोल्टांत पंधरा मिलिमीटर अंतर असेल आणि एका बाजूच्या कानांखाली अर्ध्या मिलिमीटर जाडीचा वॉशर सरकवला, तर जवळजवळ दोन अंश होतात. उभ्या इंजिनात मागच्या कानांखाली वॉशर घातला की नाक खाली जाते. हा नियम मला तोंडपाठ होता. 'वॉशर नेहमी मागे.' आणि इथेच माझी जुनी गोष्ट सुरू होते.

वॉशर पुढे की मागे?

2000 साली मी पुण्याला शिकत होतो. खोलीतला माझा सोबती विज्ञानाचा विद्यार्थी, एन.सी.सी.च्या हवाई विभागातला. 1950 साली सुरू झालेल्या या विभागात मुलांना अशी मॉडेले करायला आणि उडवायला शिकवतात. मित्राने चार महिने खपून एक तारेचे विमान केले होते. चार महिने मी त्याच्याशेजारी बसून पॉलिश कागद घासला होता. दुसऱ्या दिवशी स्नेहसंमेलनात ते उडवायचे, आणि आदल्या रात्री त्याला सणकून ताप भरला. "तेवढं इंजिन बसव," तो पांघरुणातून म्हणाला. मी बसवले. ओळंब्यात बसवले आणि नियमाप्रमाणे वॉशर मागे घातले.

तारेच्या विमानाची मौज अशी: उडवणारा मध्ये उभा. त्याच्या मुठीपासून विमानाच्या डाव्या पंखापर्यंत पंधरा-सोळा मीटरच्या दोन पोलादी तारा. मूठ वर-खाली वळवली की विमान वर-खाली होते. विमान त्याच्याभोवती डावीकडे वळत गोल फिरते. अमेरिकेत जिम वॉकर यांनी 1940 च्या सुमारास हा प्रकार लोकप्रिय केला. सारे काही तारा ताठ राहण्यावर. तारा सैल, तर हातात काही नाही.

सकाळी अशक्त अंगाने तो मैदानाच्या मध्यभागी उभा राहिला. विमान मी सोडले. पाव फेरा नीट गेला. मग वारा आडवा आला, तारा झोळ खाऊन लोंबल्या आणि विमान आतल्या बाजूला वळून त्याच्या पायांपासून पाच-सात हातांवर जमिनीत घुसले. चार महिन्यांचा भुगा झाला. प्रेक्षकांत हशा पिकला. आणि मी, सगळ्यांच्या देखत, म्हणालो, "हात ढिला का सोडलास?"

तो काही बोलला नाही. संध्याकाळी त्याने मोडक्या सांगाड्यातून इंजिन सोडवले, फडक्यात गुंडाळले आणि माझ्या टेबलावर ठेवले. "ठेव तुझ्याकडं." त्यानंतर आम्ही एका खोलीत राहिलो एवढेच.

हे सारे मी भाच्याला सांगितले नव्हते. त्याने नवे विमान बांधले. सपाट अंग, इंजिन आडवे, सिलिंडर उजवीकडे. बाहेरच्या पंखाच्या टोकाला तारांचे वजन तोलायला शिशाचा तुकडा. टाकीतली नळी बाहेरच्या मागच्या कोपऱ्यात, कारण गिरकीत इंधन तिकडेच धाव घेते. टाकीची मधली रेघ इंधनाच्या सुईच्या पातळीत. सारे बिनचूक. इंजिन आवळताना मी वडीलकीने म्हणालो, "वॉशर मागे टाक."

"मागंच का, मामा?"

"नियम आहे."

त्याने उंबऱ्यावर काड्यापेटी ठेवली. तिच्या मागच्या टोकाखाली नाणे सरकवले. पेटीचे तोंड खाली झुकले. "हे उभं इंजिन. बरोबर?" मग तीच पेटी त्याने उचलून दाराच्या चौकटीला उजव्या अंगाने टेकवली आणि नाणे पुन्हा मागच्या टोकाखाली धरले. पेटीचे तोंड चौकटीकडे, म्हणजे डावीकडे वळले. "आपण इंजिन कुशीवर घेतलं. मग नियम पण कुशीवर घ्यायला पाहिजे ना? मागं वॉशर टाकला तर नाक आतल्या बाजूला जातं. माणसाकडं. तारा सैलच पडणार."

मी पाहतच राहिलो. पंचवीस वर्षे जी गोष्ट मी 'त्याचा हात' म्हणून मनात बंद करून ठेवली होती, ती 'माझे वॉशर' निघाली. मी आत गेलो. सौ.ने विचारले, "काय झालं?" तिला मी म्हणालो, "काही नाही, एक चूक सापडली." पेपर तपासताना इतरांच्या चुका लाल शाईने काढणाऱ्याला स्वतःची एक चूक सापडायला एवढी वर्षे लागावीत!

पऱ्हाटी उपटल्यावर

संक्रांतीनंतरचा रविवार. ओळखीच्या एका शेतकऱ्याने पऱ्हाटी उपटून रान मोकळे केले होते. जागा निवडताना भाच्याने एक गोष्ट चारदा पाहिली: जवळपास विजेच्या तारा नाहीत ना. पोलादी तार हातात धरून विजेच्या तारांखाली हा खेळ करणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. दुसरे, मेथॅनॉल हे विष आहे, डबा मुलांच्या हाती लागता कामा नये. तिसरे, पंख्याच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही आणि पंख्याला बोट लावायचे नाही, काठीने फिरवायचा. ज्या घरांत हे वाचून उत्साह संचारेल त्यांनी हे तीन नियम भिंतीवर लावावेत आणि जाणत्या माणसावाचून इंजिनाला हात घालू नये.

सुतारदादा आले होते. अक्काही आली होती, भाऊजी नव्हते. इंजिनाने तीनदा नकार दिला, चौथ्यांदा किंचाळून उठले. एरंडेलाचा गोडसर जळका वास रानभर पसरला. विमान हातात धरून मी वाऱ्याच्या दिशेला उभा राहिलो. माझे हात थरथरत होते, ते केवळ इंजिनाने नव्हे. भाच्याने मान हलवली. मी सोडले.

पाव फेरा. जुन्या जागी माझा श्वास अडकला. पण तारा ताठ होत्या. अर्धा फेरा, एक, दोन. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने, साडेचार सेकंदांत एक फेरा. अर्ध्या किलोच्या त्या विमानाची ओढ त्या वेगाला दीड किलोच्या आसपास होते. मुलाचा खांदा ती ओढ पेलत फिरत होता. अक्का माझा दंड घट्ट धरून उभी होती.

"किती ओढतंय रे त्याला! तार तुटायची नाही ना?"

"नाही. ओढ आहे म्हणून तर ते हातात आहे. सैल पडली असती तर पडलं असतं."

हे मी इंजिनाविषयी बोललो होतो. अक्का माझ्याकडे बघत राहिली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "एरंडेलाचा धूर लई आहे बाई!"

रात्री जेवणे झाल्यावर ती आपण होऊन म्हणाली, "आय.टी.आय.चं काय म्हणत होता तो?" फिटरच्या कामासाठी त्याला अर्ज करायचा होता, हे तो तिला दिवाळीपासून सांगत होता. भाऊजींना समजवायला तिला दोन महिने लागले. आता तो जालन्याला जातो-येतो. अक्काच्या पाटल्या काही परत आल्या नाहीत, आणि भाऊजी अजूनही तुटकच बोलतात, पण बोलतात.

राहिला माझा फोन. तो करायला मला आणखी आठ दिवस लागले. पंचवीस वर्षांनी त्याचा आवाज मी लगेच ओळखला, त्यानेही माझा. मी उपचाराचे काही न बोलता एका दमात सांगून टाकले: "वॉशर मी मागे घातले होते. तुझा हात ढिला नव्हता."

थोडा वेळ शांतता. मग तो हसला. "अरे, मला माहीत होतं. इंजिन काढलं त्या संध्याकाळीच दिसलं ना."

"मग बोलला का नाहीस?"

"तू चार महिने कागद घासला होतास. वाटलं, तुझं तुला कळेल." आणि जरा थांबून म्हणाला, "जरा उशीर लावलास."

येत्या दिवाळीत तो बदनापूरला येणार आहे. भाच्याने इंजिन पुसून ठेवले आहे, आणि पुढच्या कानांखालचे वॉशर त्याला दाखवायचे म्हणून तसेच ठेवले आहेत.